संगणकाची मुळाक्षरे

आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी काहीतरी उपयोगाचे लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने आम्हांस केली. आज्ञा मोडवेना, आणि विद्वत्तेचे असे फारसे काही आमच्यापाशी नाही. म्हणून जी विद्या आम्ही स्वतः चाळिशीच्या उंबरठ्यावर, लाज गिळून, अगदी ‘श्रीगणेशा’ म्हणा की ‘बिस्मिल्ला’ म्हणा, तेथपासून शिकलो, तिच्याविषयी चार शब्द लिहीत आहोत. जाणकारांनी हा लेख वाचला नाही तरी चालेल. हा लेख ज्यांना संगणकाची भीती वाटते त्यांच्यासाठी आहे.

प्रथम आमची कबुली. आम्ही पदवीधर, प्रशिक्षित शिक्षक. घरी उर्दू, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती, असा तीन भाषांचा आमचा दिनक्रम. नोकरीत असताना ‘सी.सी.सी.’ नावाची संगणकाची परीक्षा आम्हांस द्यावी लागली. ती आम्ही कशी दिली? मार्गदर्शकातील प्रश्नोत्तरे पाठ करून. ‘संगणकाचा मेंदू कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर आम्ही झोपेतही देऊ शकत होतो; परंतु एखादी फाईल उघडून तीत आपले नाव लिहून ती जपून ठेवा, असे कोणी म्हटले असते तर आमचे हात कापले असते. प्रमाणपत्र मिळाले आणि पुढील काही वर्षे आम्ही संगणकाच्या वाऱ्यालाही उभे राहिलो नाही.

मग २०१७ साल आले. आमच्या वर्गातील एका हुशार मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता. वडील मागावर, आई घरी साड्यांचे धागे कापणारी. लिंबायतमध्ये अशी घरे किती आहेत हे वाचकांस सांगावयास नको. अर्ज संगणकावर भरावयाचा असल्याने एका दुकानात भरून घेतला. त्याची छापील प्रत आमच्यापुढे आली. वर मजकूर इंग्रजीत, आकड्यांच्या रांगा, खाली सहीची जागा. आम्ही नाव पाहिले, इयत्ता पाहिली आणि सही केली. बँकेच्या खात्याच्या क्रमांकातील दोन अंक उलटसुलट झाले होते. ते आम्ही पाहिले नाहीत, कारण अशा अर्जात नेमके काय पाहावयाचे असते हेच आम्हांस ठाऊक नव्हते. पैसे आले नाहीत. चूक उमगेपर्यंत मुदत टळली होती. त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली ती गेलीच. मुलीच्या आईने आम्हांस एका शब्दाने दुखवले नाही. ‘सर, तुम्ही तरी काय करणार,’ एवढेच ती म्हणाली. त्या एका वाक्याने आम्हांस पुन्हा विद्यार्थी केले.

मागावरचे शहाणपण

संगणक म्हणजे काय, हे सुरतेच्या माणसास परदेशी पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. आपल्या कारखान्यातील जॅकार्डचा माग डोळ्यांपुढे आणा. ताण्याचे शेकडो उभे धागे. बाण्याचा आडवा धागा टाकताना त्यांपैकी कोणते उचलावयाचे आणि कोणते खाली ठेवावयाचे, यावर सारी नक्षी अवलंबून. फ्रान्समधील लियाँ या रेशमाच्या शहरात जोझेफ मारी जॅकार या कारागिराने १८०४ साली ही निवड भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवली. पुठ्ठ्यात जेथे भोक असेल तेथून सुई आरपार जाते आणि तिचा धागा उचलला जातो. भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. एका आडव्या धाग्यासाठी एक पुठ्ठा, आणि अशा पुठ्ठ्यांची माळ म्हणजे एक संपूर्ण नक्षी. माळ बदला, माग तोच, साडी निराळी.

संगणकाचे सारे मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. यंत्र एकच, त्याला दिलेल्या सूचना बदलल्या की काम बदलते. त्या सूचनांच्या माळेला आपण आज ‘प्रोग्रॅम’ किंवा आज्ञावली म्हणतो. मागाची ही युक्ती इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी १८३०च्या दशकात आपल्या गणितयंत्राच्या आराखड्यात घेतली. ते यंत्र त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. परंतु एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली त्यावर जी टिपणे प्रसिद्ध केली, त्यांत या यंत्राची तुलना जॅकार्डच्या मागाशीच केली आहे. पुढे अमेरिकेत १८९०च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी माणसांची मोजदाद भोकांच्या पत्त्यांवरच केली. आपल्या देशात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५-५६च्या सुमारास परदेशातून संगणक आला. आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कामास लागला.

म्हणून आमच्या रविवारच्या वर्गात कोणी विणकर बंधू ‘सर, हे आमचे काम नव्हे’ असे म्हणू लागले की आम्ही त्यांस म्हणतो, ‘भाऊ, हे तुमचेच काम. पहिला पुठ्ठा तुमच्याच बिरादरीने ओवला.’ आज आपल्या परिसरातील भरतकामाच्या यंत्रांवर नक्षी फाईलमधून येते, पुठ्ठ्याची गरज उरलेली नाही. तरीही नक्षी तयार करण्यास कारागीर ‘पंचिंग’ असेच म्हणतात. भोक पाडणे संपले, शब्द मात्र राहिला.

भोक आहे किंवा नाही, या दोन स्थितींनाच संगणकात १ आणि ० असे म्हणतात. अशा एका जागेस ‘बिट’ आणि आठ जागांच्या गटास ‘बाइट’ म्हणतात. एका जागेत दोन शक्यता. दोन जागांत चार. तीन जागांत आठ. याप्रमाणे दुप्पट करीत गेल्यास आठ जागांत २५६ वेगवेगळ्या खुणा होतात. इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे एवढ्यात सुखाने मावतात. गाणे, छायाचित्र, साडीची नक्षी, बँकेचे खाते, सारे काही यंत्राच्या पोटात या दोनच खुणांनी लिहिलेले असते. यात जादू नाही. केवळ अफाट वेग आहे आणि कंटाळा नाही.

पाटी आणि वही

संगणकाचे भाग पुष्कळ असले तरी नवशिक्याने चार कामे ओळखावीत. माहिती आत घेणे, हे कळफलक आणि माउस करतात. तिच्यावर काम करणे, हे प्रोसेसर करतो. ती सांभाळणे, हे स्मृतीचे काम. आणि बाहेर दाखवणे, हे पडदा आणि छपाईयंत्र करतात. घरातील कारभाराशी ताडून पाहा: कापड आले, शिवले, कपाटात ठेवले, गिऱ्हाईकास दाखवले.

यांपैकी स्मृतीचा घोटाळा नवशिक्यांना फार छळतो, म्हणून तो नीट सांगतो. संगणकापाशी दोन तऱ्हेची स्मृती असते. एक पाटी आणि एक वही. आपण टंकलेखन करतो ते प्रथम पाटीवर उमटते. या पाटीला ‘रॅम’ म्हणतात. पाटीवरचे लिहिणे चटकन होते, परंतु वीज गेली की ती कोरी होते. ‘सेव्ह’ करणे म्हणजे पाटीवरचे वहीत उतरवून घेणे. वही म्हणजे संगणकातील डिस्क किंवा आपल्या खिशातील पेन ड्राइव्ह. लहानपणी अब्बांनी आम्हांस लाकडी तख्ती आणून दिली होती. तीवर गिरवायचे, धुवायचे, पुन्हा गिरवायचे. धुतलेल्या तख्तीवरचा मजकूर कोठे गेला असे आम्ही कधी विचारले नाही. संगणकाशी मात्र आपण तसे भांडत बसतो. वीज गेली की कारखान्यातील माग थांबतो, पण धागा जागच्या जागी राहतो. संगणकाची पाटी तशी नाही. म्हणून दर चार ओळींनंतर ‘कंट्रोल’ आणि ‘एस’ या दोन कळा एकत्र दाबण्याची सवय लावावी. कित्येक नव्या सोयींत मजकूर आपोआप जपला जातो हे खरे, तथापि सवय असलेली बरी.

वहीतील मजकुराच्या एका गठ्ठ्यास फाईल म्हणतात आणि फाईली ठेवण्याच्या कप्प्यास फोल्डर. फाईलला नाव देताना आळस करू नये. ‘नवीन १’, ‘नवीन २’ अशी नावे दिली की महिन्याने आपलेच कपाट आपणांस परके होते. ‘वीजबिल जून २०२४’ असे नाव द्यावे. शोधणे हा निम्मा संगणक आहे.

हात बसवणे

पहिले तीन रविवार आम्ही विद्यार्थ्यांकडून दुसरे काही करून घेत नाही. पहिला रविवार माउसचा. ही वस्तू डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने १९६०च्या दशकात कल्पिली आणि १९६८च्या डिसेंबरात लोकांपुढे आणली; पहिल्या माउसचे कवच लाकडी होते, हे सांगितले की आमच्या सुतारकाम करणाऱ्या विद्यार्थ्यांचा चेहरा खुलतो. डावी कळ एकदा दाबली की निवड, लागोपाठ दोनदा दाबली की उघडणे, उजवी कळ दाबली की त्या वस्तूसंबंधीच्या सोयींची यादी. धरून ओढणे सर्वांत अवघड. त्यासाठी पत्त्यांचा एकट्याने खेळावयाचा खेळ अर्धा तास खेळावा. घरच्यांनी हसू नये. तो अभ्यासच आहे.

दुसरा आणि तिसरा रविवार कळफलकाचा. इंग्रजी अक्षरे वर्णक्रमाने का नाहीत, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. ही मांडणी १८७०च्या दशकातील टंकयंत्रांची आहे; जगाच्या हातांना ती सवयीची झाली आणि तशीच राहिली. ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवर बोटास जाणवेल असा लहानसा उंचवटा असतो. दोन्ही तर्जन्या तेथे ठेवाव्यात, म्हणजे न पाहता घर सापडते.

यानंतर आमच्या वर्गातील सर्वांत आनंदाचा दिवस येतो. तो मराठीचा. संगणकावर लिहावयाचे तर इंग्रजी यावेच लागते, या समजुतीने आमच्या कितीतरी मायभगिनी दारातूनच परत जातात. ही समजूत खोटी आहे. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संगणकीय मानकाबरोबर ‘इनस्क्रिप्ट’ नावाची कळफलकाची मांडणी मान्य केली. तीत स्वर आणि मात्रा मुख्यतः डाव्या हाताकडे, तर व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे आहेत. संगणकाच्या भाषांच्या सोयीत मराठी निवडावे आणि इंग्रजी कळफलकावरील एम, जी, जे, एल या कळा क्रमाने दाबाव्यात. पडद्यावर ‘सुरत’ उमटेल. ‘एम’वर स, ‘जी’वर उकार, ‘जे’वर र आणि ‘एल’वर त. गुजराती निवडून याच चार कळा दाबल्या तर ‘सुरत’ हाच शब्द गुजराती लिपीत उमटतो. हात तोच, लिपी निराळी. आपल्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांतून मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांतून मुले शिकतात. अशा गावास यापरती सोय कोणती? उर्दूची मांडणी अर्थात वेगळी आहे, कारण ती उजवीकडून डावीकडे चालते. पण संगणक तेही बिनतक्रार करतो.

आता आपल्या वस्तीचे नाव लिहू. ‘लिंबायत’ या शब्दात यंत्राच्या हिशेबी सात खुणा आहेत: ल, वेलांटी, अनुस्वार, ब, काना, य, त. येथे नवशिका अडखळतो. पहिली वेलांटी कागदावर आपण अक्षराच्या अगोदर काढतो. संगणकात ती अक्षराच्या नंतर दाबावयाची असते. म्हणजे लिहितो तसे नव्हे, बोलतो तसे टंकायचे: आधी ल, मग इ. जोडाक्षराचेही तसेच. क, हलन्त आणि ष या तीन खुणा एकामागून एक दिल्या की ‘क्ष’ होतो. ज्या बाईंनी शाळेत बाराखडी घोकली आहे, त्यांना हे इंग्रजी शिकलेल्या मुलांपेक्षा लवकर समजते, हा आमचा अनुभव.

या प्रत्येक खुणेस जगभर एकच क्रमांक ठरलेला आहे. त्या पद्धतीस ‘युनिकोड’ म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तीत देवनागरीस स्थान होते. ‘अ’चा क्रमांक २३०९, ‘क’चा २३२५. पूर्वीच्या काही मराठी फाँटांत असे सर्वमान्य क्रमांक नसत. त्यामुळे एका संगणकावरचे पत्र दुसऱ्यावर उघडले की निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसे. जुन्या फाईली उघडताना आजही तसे झाले, तर आपले डोळे बिघडले असे समजू नये. तो फाँटचा दोष आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामी मोठी कामगिरी केली आहे, हेही आपण मराठी माणसांनी ध्यानी ठेवावे.

भीती चुकीच्या जागी

आता या लेखातील मुख्य गोष्ट सांगतो. गेली दोन वर्षे मंडळाच्या सभागृहात, सभासदांनी दिलेल्या चार जुन्या संगणकांवर, आम्ही प्रौढांचा वर्ग घेत आहो. बारा रविवार, प्रत्येकी दीड तास, म्हणजे अवघे अठरा तास. या वर्गात आम्हांस एक विलक्षण गोष्ट दिसली. नवशिका माणूस ज्याला घाबरावयास नको त्याला घाबरतो, आणि ज्याला घाबरावयास हवे तेथे बिनधास्त असतो.

चुकीची कळ दाबली तर यंत्र जळेल, अशी त्यास धास्ती असते. असे होत नाही. कळ दाबून संगणक मोडल्याचे एकही उदाहरण आमच्या वर्गात घडलेले नाही. लिहिलेले पुसले गेले तर ‘कंट्रोल’ आणि ‘झेड’ दाबावे. बहुतेक वेळा यंत्र एक पाऊल मागे येते. पुसलेली फाईल बहुधा प्रथम कचरापेटीत जाते आणि तेथून परत आणता येते. या चुका मागे घेता येण्यासारख्या आहेत. त्या मनसोक्त कराव्यात. चुकांवाचून हात बसत नाही.

परंतु काही गोष्टी मागे घेता येत नाहीत, किंवा घेता आल्या तरी महत्प्रयासाने. अर्जाच्या शेवटी ‘सबमिट’ दाबणे. बँकेतून पैसे पाठवणे. आपला गुप्त क्रमांक किंवा मोबाईलवर आलेला ‘ओटीपी’ दुसऱ्यास सांगणे. येथे मात्र आपली माणसे क्षणाचाही विचार करीत नाहीत! ‘दुकानदाराने विचारले म्हणून सांगितला,’ असे सहज म्हणतात. म्हणून आम्ही फळ्यावर प्रथम दिवशी दोन रकाने आखतो: मागे येणारी चूक आणि मागे न येणारी चूक. पहिल्या रकान्यात हात मोकळा सोडावा. दुसऱ्या रकान्यात हात मागे घ्यावा, पुन्हा वाचावे, आणि मगच कळ दाबावी. संगणकाची सारी सावधगिरी या दोन रकान्यांत आली.

दुसऱ्या रकान्यासाठी चार नियम येथे देतो. कापून भिंतीस लावले तरी हरकत नाही.

पहिला: अर्ज पाठवण्यापूर्वी नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक आणि बँकेचा खाते क्रमांक ही चार घरे मूळ कागद समोर ठेवून ताडावीत. आकडे डोळ्यांनी वाचू नयेत. एकाने मोठ्याने उच्चारावेत, दुसऱ्याने बोट ठेवून पाहावेत. डोळा ओळखीच्या आकड्यावरून घसरतो, कान घसरत नाही.

दुसरा: इंग्रजी अक्षरे सर्व कागदांवर एकसारखी आहेत का, हे पाहावे. ‘मोहम्मद’ हे एकच नाव आमच्या एका हजेरीपटात इंग्रजी अक्षरांच्या चार तऱ्हांनी लिहिलेले आहे. कोणाचे आडनाव आधी, कोणाचे शेवटी. माणसास ते एकच नाव वाटते. यंत्रास चार निराळी माणसे वाटतात, कारण ते अर्थ जाणत नाही, केवळ खुणा जुळवते. फरक असेल तर तो अर्जाच्या हंगामात नव्हे, त्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावा.

तिसरा: मोबाईलवरून पैशांची देवघेव करण्याची ‘यूपीआय’ ही सोय २०१६ सालापासून आहे. तिचा गुप्त क्रमांक पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. ‘तुम्हांस पैसे पाठवतो, क्रमांक दाबा,’ असे कोणी म्हणाला तर तो लबाड समजावा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

चौथा: दुसऱ्याच्या संगणकावर काम केले तर उठताना आपले खाते बंद करून उठावे आणि तेथे उतरवलेली आपल्या कागदपत्रांची प्रत पुसावी. आपल्या घराचे दार उघडे टाकून आपण बाजारात जात नाही.

मोबाईल असता संगणक कशाला

हा प्रश्न तरुण मंडळी हटकून विचारतात, आणि तो वावगा नाही. मोबाईल हाही संगणकच आहे; त्यातही पाटी आहे, वही आहे, आज्ञावल्या आहेत. बोलून मराठी लिहिण्याची सोयही त्यात आहे आणि ज्यांना टंकणे जमत नाही त्यांनी ती अवश्य वापरावी. परंतु मोबाईल बहुधा पाहण्यासाठी वापरला जातो आणि संगणक करण्यासाठी. लांबलचक अर्ज भरणे, हिशेबाचा तक्ता मांडणे, मुलाचा प्रकल्प लिहिणे, नोकरीसाठी माहितीपत्र तयार करणे, ही कामे मोठ्या पडद्यावर आणि दहा बोटांनी नीट होतात. शिवाय कारखान्यांतून, कचेऱ्यांतून आणि दुकानांतून जी कामे मुलांस मिळतात, त्यांत मजकुराची फाईल करणे आणि तक्ता मांडणे येते का, हेच प्रथम विचारतात. दिवसभर चित्रफिती पाहणाऱ्या मुलास संगणक येतो, असे पालकांनी समजू नये. सिनेमा पाहणाऱ्यास नाटक लिहिता येत नाही.

ज्यांना रीतसर शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी मार्ग आहेत. केंद्र सरकारच्या ‘नाइलिट’ संस्थेचा सी.सी.सी. हा ८० तासांचा अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्रात ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी ‘एमएस-सीआयटी’चे नाव ऐकले असेल; २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा तो अभ्यासक्रम धुळे, जळगाव, नंदुरबारकडील खेड्यापाड्यांतूनही पोहोचला आहे. मात्र आमच्यासारखी प्रश्नोत्तरे पाठ करून प्रमाणपत्र घेऊ नये. ते प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, परंतु अर्जावरील चुकलेले दोन अंक त्याला दिसत नाहीत.

वयाचा प्रश्न

‘आता या वयात?’ असे पुष्कळ जण विचारतात. आमचे उत्तर असे की प्रौढाची बोटे सावकाश चालतात हे खरे, परंतु त्यास कशासाठी शिकावयाचे हे ठाऊक असते. मुलास ते ठाऊक नसते. मुलगा खेळ म्हणून दहा गोष्टी शिकतो आणि नऊ विसरतो. प्रौढ दोनच शिकतो आणि त्या दुसऱ्या दिवशी वापरतो. शिकवणाऱ्यांसही एक विनंती. नवशिक्याच्या हातातून माउस काढून घेऊ नका. ‘द्या, मी करून देतो,’ हे वाक्य प्रेमाचे वाटते, पण त्याने शिकणारा आणखी परावलंबी होतो. घरोघरी मुलगे आणि सुना हे वाक्य म्हणतात आणि सासूबाई वर्षानुवर्षे तेथेच राहतात. तोंडाने सांगा, हात पाठीमागे बांधून ठेवा. आम्ही स्वतः आमच्या दहा वर्षांच्या मुलाकडून शिकलो, तेव्हा ही एकच अट त्यास घातली होती. त्याने ती पाळली. अधूनमधून कपाळावर हात मारीत असे, तेवढे आम्ही चालवून घेतले.

शेवटी एक गोष्ट सांगून लेख पुरा करतो. ज्या मुलीची शिष्यवृत्ती आमच्या सहीखाली बुडाली, तिची आई मागील वर्षी आमच्या रविवारच्या वर्गात आली. पहिल्या दिवशी तिने माउस उंदरासारखाच दोन बोटांनी धरला होता. बाराव्या रविवारी तिने आपल्या धाकट्या मुलाचा अर्ज स्वतः भरला. आम्ही मागे उभे होतो, हात पाठीमागे. अर्ज संपला. ‘सबमिट’ची कळ पडद्यावर दिसत होती. तिने माउसवरून हात काढला, पिशवीतून बँकेचे पासबुक काढून आमच्या हाती दिले आणि म्हणाली, ‘सर, तुम्ही एकेक आकडा बोला. मी बोट ठेवते.’

आम्ही आकडे बोललो. तिने प्रत्येकावर बोट ठेवले. सारे जुळले. मग तिने कळ दाबली, छापील प्रत काढली आणि आमच्यापुढे धरली. त्या खेपेस आम्ही सही केली ती वाचून.